पाळण्यात राहिलेली काच

अंकुश, तू गेल्यापासून रोज सकाळी फळीवरच्या काचांमध्ये दहिवर येतंय. थंडी वाढली आहे म्हणून येतंय, हे मला कळतं. तरी शेडचं कुलूप काढून आत पाऊल टाकलं की ओळीनं मांडलेल्या त्या फुंकून तोंड बंद केलेल्या काचा आतून धुरकटलेल्या दिसतात, आतल्या बाजूनं कुणीतरी तोंड लावून हळूच 'हा' केल्यासारख्या, आणि मी दारातच थबकतो. मग पत्र्याच्या फटीतून ऊन फळीवर पडतं, दहिवर विरत जातं आणि काचा पुन्हा नितळ होतात. तू असतास तर बाकड्यावर चहा घेऊन बसला असतास आणि म्हणाला असतास, "बघ बे सिदू, उठली मंडळी."

परवा तुझा दहावा झाला. त्या दिवशी जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येणार नाही, म्हणून हे लिहायला बसलो. आमच्या घरात पिंड, कावळा यातलं काही नसतं, हे तुला माहीत आहे. माझा बाप गेला तेव्हा आम्ही वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं आणि आपापल्या कामाला लागलो. मेलेला माणूस ऐकत नाही, असं मी तुला किती वेळा सुनावलं असेल. आता मीच मेलेल्या माणसाशी बोलत बसलोय. हस तू. तुला हसायला असली कारणं लागायचीच.

आपली गाठ पडली पाटोद्याला, एका लग्नात. मी सनईवर होतो. अक्षता पडल्या, लोक पंगतीकडे पळाले, तरी एक वाळका माणूस माझ्यासमोर उभा राहून माझ्या गालांकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, हा पिऊन आलाय. मी सनई खाली ठेवल्यावर तू विचारलंस, "इतका येळ श्वास तोडला न्हाईस. कुठून आणतोस?"

"नाकातून घेतो, गालात साठवतो," मी म्हणालो. "कावून? तुझ्याकडं लगीन हाय का?"

"लगीन न्हाई. काच हाय," तू म्हणालास.

दुसऱ्या आठवड्यात मी चौसाळ्याला तुझ्या शेडमध्ये होतो. हायवेच्या कडेला, तुमच्या घराला लागून असलेली ती पत्र्याची शेड, मधोमध तू विटांनी बांधलेली भट्टी, आणि कोपऱ्यात ढाब्यांवरून गोळा केलेल्या बाटल्यांचा ढीग. पुण्यात प्रयोगशाळांसाठी काचेची नळकांडी बनवणाऱ्या कारखान्यात तू बरीच वर्षं काढली होतीस आणि छातीनं दगा दिला म्हणून परत आला होतास. लहानपणापासून छाती अधू असलेल्या माणसानं जगातले सगळे धंदे सोडून फुंकायचा धंदा निवडावा, यातच तुझी अक्कल दिसते. तर कामाची वाटणी अशी ठरली: तू बाकड्यावर बसून लोखंडी नळी फिरवणार, वितळलेल्या गोळ्याला चिमट्यानं आणि भिजवलेल्या पेपरच्या घडीनं आकार देणार, आणि मी नळीच्या दुसऱ्या टोकाशी गुडघ्यावर बसून फुंकणार. तू "हां" म्हणालास की फुंकायचं, "बास" म्हणालास की थांबायचं. वरातीत मला कुणी थांब म्हणत नाही, त्यामुळे सुरुवातीला मी तुझे कितीतरी गोळे फोडले.

लोकांना वाटायचं, तू आता मोर करशील, हंस करशील. लिंबागणेशहून एक दुकानदार काचेचे गणपती मागायला आला होता. तू त्याला म्हणालास, "देव मातीचाच बरा, मालक. इरघळतो तरी." आलेलं गिऱ्हाईक तू असं घालवलंस, आणि मी दिवसभर तुझ्याशी बोललो नाही. तुला जे करायचं होतं ते सांगताना तुझी तुलाच धड भाषा सापडत नव्हती. तू मला म्हणायचास, हसताना अर्ध्यात थांबल्यावर जो श्वास उरतो, तो फुंक. ओझं उचलायच्या आधी माणूस जो धरून ठेवतो, तो फुंक. मी कंटाळून म्हणायचो की श्वास तो श्वास, त्याच्या जाती कसल्या काढतोस. पण गोळा बाहेर आला की दिसायचं. हसण्याचा एका बाजूला कलंडायचा, ओझ्याचा खांद्यात रुंद व्हायचा. तू त्याला फार काही करायचा नाहीस. एखाद्या बाजूला अंगठा टेकवल्यागत दाब द्यायचास, आणि शेवटी नळीपासून तोडताना तोंड ओढून बारीक शेपटी काढून बंद करून टाकायचास.

"तोंड उघडं ठेवलं की भांडं व्हतं, बे," तू म्हणायचास. "लोक त्यात फुलं ठिवत्यात. बंद केलं की आत माणूस ऱ्हातो."

दहिवराचा शोध तुला अपघातानंच लागला. एका थंडीत सकाळी शेड उघडली तर सगळ्या बंद काचा आतून ओल्या झालेल्या. मी म्हणालो, श्वासात पाणी असतं, गारठ्यानं ते काचेला धरलं, एवढंच. त्या दिवशी तू काम केलं नाहीस, भट्टीही पेटवली नाहीस. फळी उखडलीस आणि पूर्वेच्या फटीसमोर नेऊन ठोकलीस. त्यानंतर कुणी तुझं काम बघायला येतो म्हणालं की तू सांगायचास, सकाळी या, उन्हाच्या आत या. आजूबाजूच्या बाया मात्र त्या वेळेला शेडवरून जायच्या बंद झाल्या. त्यांना ते आवडायचं नाही. खरं सांगू, मलाही आवडायचं नाही. त्या प्रत्येक काचेत माझा श्वास होता. सकाळी चहा पीत असताना समोर आपलाच श्वास ओळीनं जागा होताना बघायचा, हे कुणाला सोसेल.

माझा बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू दारात आलास. मला वाटलं, भेटायला आलास. तू म्हणालास, "भट्टी तापलीय. आज फुंक." मी तुला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, त्या आख्ख्या गल्लीनं ऐकल्या. तू उभाच राहिलास. शेवटी मी आलो, कारण घरात बसवत नव्हतं. त्या दिवशी मी जे फुंकलं ते फळीच्या टोकाला आहे, बाटलीच्या हिरव्या रंगाचं, कमरेत खचलेलं. तू त्याला हात लावला नाहीस, अंगठाही टेकवला नाहीस. ते तुझं सगळ्यात चांगलं काम आहे असं लोक म्हणतात. मी त्याच्याकडे अजून नीट बघू शकत नाही. पण त्या दिवशी तू मला ओढून नेलंस त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत, ते आज मानतो.

चांगलं बोलून झालं. आता भांडण. पुण्यातल्या त्या प्रदर्शनात तू मला बरोबर नेलंस, नवा शर्ट घ्यायला लावलास, आणि तिथं एका बाईनं त्याच हिरव्या काचेसमोर उभं राहून विचारलं, "ह्यात कुणाचा श्वास आहे?" मी बाजूलाच उभा होतो. तू म्हणालास, "माझा." एवढंच, आणि पुढं सरकलास. ती माझ्या बापाच्या दुसऱ्या दिवसाची काच होती, अंकुश. मी तिथून एकटाच एसटीनं परत आलो आणि अख्खा लग्नसराईचा हंगाम तुझ्या शेडकडे फिरकलो नाही. नंतर आपण पुन्हा काम सुरू केलं, पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मी फक्त टोमणे मारायचो. "फुंकणारा मी, नाव तुझं." तू म्हणायचास, "हवा तर कुणाचीबी चालती. पंप लावतो उद्यापासून."

आणि आपलं दुसरं भांडण, जे कधी मिटलंच नाही. मी एकदा सहज म्हणालो होतो की यातली एखादी फोडली तर माझा जुना श्वास फुस्सकन बाहेर येईल. तू म्हणालास, बाहेर येणार न्हाई, काच उलटी आत ओढल. तापलेला असताना श्वास फुगलेला असतो, गार झाला की आकसतो, आत जागा रिकामी ऱ्हाती; तोंड उघडलं की ती जागा बाहेरची हवा ओढून घेती. मी म्हणालो, कुठल्याही टायरला खिळा लाव, हवा बाहेरच येते. तू म्हणालास, "काच म्हंजी टायर हाय का बे?" आपण कितीदा ठरवलं की एक फोडून बघू आणि हरेल त्यानं बीडला नेऊन जेवण घालायचं. पण फोडायला कुठली द्यायची, यावर आपलं एकमत होईना. वाया गेलेल्या काचा तू पुन्हा भट्टीत टाकायचास आणि चांगली फोडायला तुझा हात धजत नव्हता.

मग तो शेवटचा दिवस. दुपारी मी नेहमीप्रमाणे नळीच्या टोकाशी गुडघा टेकला तर तू बाकड्यावरून उठलास. "आज तू बस. मी फुंकतो," म्हणालास. मी म्हणालो, डोकं फिरलंय का, तुला जिना चढवत नाही. तू माझ्या हातात चिमटा दिलास आणि खाली बसलास. तुझा श्वास नळीत आला तेव्हा मला नळीत काही जाणवलंच नाही. गोळा नुसता फिरत राहिला. तू थांबलास, भिंतीला हात लावून दम घेतलास, पुन्हा फुंकलंस. फुगता फुगता तो जेमतेम मोठ्या सीताफळाएवढा झाला. मी चिमटा चुकीच्या जागी लावला, बूड जाड राहिलं, एका अंगाला पेपरच्या घडीचा चरा उमटला. तुला हसू आवरेना. हसता हसता खोकत होतास आणि म्हणत होतास, "आता कळलं का, बाकड्यावर बसणारा काय करतो ते?" मी म्हणालो, "कळलं. आन् तुला कळलं का, फुंकणारा काय करतो?" तू मान हलवलीस, आणि शेपटी मात्र स्वतःच्या हातानं ओढून तोंड बंद केलंस.

ते तू का केलंस, अंकुश? पुण्याच्या त्या एका शब्दाची भरपाई होती का? का तुला आतून काही कळलं होतं? मी तुला विचारलं नाही, कारण मला वाटलं, उद्या विचारू. काच आपण पाळण्यात ठेवली. नवख्या माणसाला हे नाव ऐकून हसू येतं, पण तू त्या जाड पेटीला पाळणाच म्हणायचास. विजेच्या तारांनी तापणारी ती पेटी, गरम काच तिच्यात ठेवायची आणि हळूहळू, दिवसभर लागला तरी चालेल, गार होऊ द्यायची. घाई केली की आत ताण राहतो. दोन वेगवेगळ्या बाटल्यांची काच एकत्र वितळवून आपण केलेलं ते भांडं आठवतं का, जे एका पुढाऱ्याच्या दिवाणखान्यात महिनाभर गुमान बसलं आणि चहा चालू असताना कुणाचा हात न लागता फुटलं? तेव्हापासून पाळण्याच्या बाबतीत तू कुणाचं ऐकायचा नाहीस. त्या संध्याकाळी मी निघताना तू बजावलंस, "बूड जाड झालंय तुझ्यामुळं. उद्या सांजंपर्यंत झाकण उघडायचं न्हाई."

सकाळी तुझ्या आईनं चहासाठी हाक मारली तर तू उठला नाहीस.

मी पोचलो तेव्हा तुला ओट्यावर ठेवलं होतं. माणसं जमली होती. तुझे चुलते, नाना, शेडच्या दारात उभे होते आणि पाळण्याचा लाल दिवा बघून त्यांचा आवाज चढला होता. "मयत दारात असल्यावर घरात चूल पेटत न्हाई. आन् हितं आग चालू? इझवा ती आधी."

मी म्हणालो, "नाना, भट्टी बंद हाय. ही नुसती गार व्हायलीय. बटण बंद केलं तर काच जाईल."

"माणूस गेला आन् तुला काचंचं पडलंय व्हय?"

नाना चुकीचं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच बोललो असतो. पण फळीवरच्या सगळ्या काचा माझ्या होत्या, आणि तुझी अशी एकच, ती त्या पेटीत होती. मी बटणासमोर उभा राहिलो. हाणामारीची वेळ येणार होती, तेवढ्यात तुझी आई आत आली. तिला मी काही समजावलं नाही. फक्त म्हणालो, "मावशी, काल त्यानं स्वतः फुंकलंय. ह्या शेडात पहिल्यांदाच." ती पाळण्याजवळ गेली, झाकणावर हात ठेवला, उबेला बराच वेळ ठेवला. मग नानांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊजी. लेकराचा पाळणा कुणी इझवत असतं का?"

तुला उचलायची वेळ झाली आणि लाईट गेली. पाळण्याचा दिवा विझला. तारा एकदम गार पडल्या तर काच दुपारपर्यंत तडकणार, हे मला माहीत होतं. मी भट्टीतली राख पोत्यात भरली, गोधड्या मागितल्या, पेटीच्या चारी बाजूंनी रचू लागलो. बाहेर तुझ्या तिरडीचा दोर आवळत होते. कुणीतरी हाक मारली, "सिदू, खांदा द्यायला ये." मी गेलो नाही. तुझी तिरडी शेडवरून गेली, त्या वेळी मी आत गुडघ्यावर बसून राखेची पोती पेटीला दाबून धरत होतो. गावात त्यावरून बरंच बोललं गेलं. त्या गर्दीत तुझ्याजवळ नसल्याचं मला वाईट वाटतंच, पण पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. काच शाबूत होती. ओबडधोबड, वाकड्या बुडाची, चरा पडलेली, आणि वर तुझ्या हातची शेपटी. तुझ्या आईला मी ती लगेच दिली नाही, कारण ती फळीसमोर उभी होती. एकेक काच उचलून गालाला लावत होती. दहिवर अजून पुरतं उतरलं नव्हतं. तिनं मला विचारलं, "सिदू, ह्यातला अंकुश कंचा?"

काय सांगायचं होतं मी? "मावशी, ह्या सगळ्यात मी हाय," मी म्हणालो. "तो ह्यात हाय." आणि तिच्या हातात ती दिली.

तुमच्या रीतीनं, तू जिथं गेलास तिथं तिनं पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. ती काच तिनं त्या दिव्याशेजारी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना ती दाखवायची. बाया हात जोडायच्या आणि लांब बसायच्या. इकडे शेडमध्ये वेगळंच चाललं होतं. सकाळी ऊन फळीवर आलं की काचांमधून बारीक आवाज यायचा, टिक्, मग थोड्या वेळानं दुसऱ्या टोकाला टिक्. गरम काच गार होताना असा आवाज करते, ते मी हजारदा ऐकलंय. पण या काचा कधीच्या थंड झालेल्या. मी प्रत्येक हातात घेऊन उन्हात धरून बघितली. कुठंच तडा नव्हता. रस्त्यावरच्या ट्रकांनी पत्रा हलत असेल, असं मी मनाला सांगितलं. पण ट्रक तर तू असतानाही जात होते.

आणि तुझ्या काचेत दहिवर येत नव्हतं. बाकी सगळ्यांत रोज यायचं, तिच्यात नाही. दिव्याची ऊब होती म्हणून नसेल येत, हे मी मावशींना सांगून बघितलं. त्या रोज पहाटे उठून काच डोळ्याजवळ धरायच्या आणि मला विचारायच्या, "तुझ्यात येतंय, त्याच्यात कावून येत न्हाई?" एकदा त्यांनी दिवा बाजूला सरकवून काच रात्रभर ओट्यावर थंडीत ठेवली. सकाळी ती कोरडी होती. फार कमी श्वास असेल, एवढंच मला सुचलं, आणि ते मी त्यांना सांगितलं नाही.

दहाव्याला कावळा शिवला नाही. माणसं नदीवर ताटकळली. तुझ्या आवडीचं सगळं ठेवलं, भट्टी पुन्हा पेटवू म्हणून शब्द दिला, आईला सांभाळू म्हणून दिला. कावळे झाडावर बसून होते, खाली येईनात. अखेर दर्भाचा कावळा करून विधी उरकला आणि नाना तसेच तडक घरी आले. "जीव अडकलाय त्याचा," ते म्हणाले. "त्या काचंत कोंडून ठिवलाय तुमी. फोडा ती." बाकीच्यांनीही माना हलवल्या. मी म्हणालो, असलं काही नसतं. पण माझ्या आवाजात जोर नव्हता, हे मलाच ऐकू आलं.

मावशींनी काच पदराखाली घेतली. मला वाटलं, आता त्या कुणाचं ऐकत नाहीत. पण त्या म्हणाल्या, "फोडायची न्हाई. नुसती शेपटी मोडा. पर माझ्या तोंडापशी मोडा. त्याचा श्वास दुसऱ्या कुठं जाऊ द्यायचा न्हाई. म्या दिल्ता, म्याच माघारी घेती."

अंकुश, त्या क्षणी मला तुझं बोलणं आठवलं. काच आत ओढेल, म्हणाला होतास. मी गप्प राहिलो. मला वाटलं, या एका वेळी तरी माझं खरं ठरो, तुझा श्वास बाहेर येवो, तुझ्या आईला मिळो. एवढं मी आयुष्यात काही मागितलं नसेल. मी कानस आणली, शेपटीच्या मुळाशी बारीक चर पाडला, तिथं ओल्या फडक्याचं बोट फिरवलं. मावशी दिव्यासमोर मांडी घालून बसल्या. त्यांनी दोन्ही हातांत काच धरली, ओठ शेपटीजवळ आणले आणि छाती रिकामी करून थांबल्या, घेण्यासाठी. खोलीत कुणी हलत नव्हतं. मी शेपटी मोडली.

दिव्याची ज्योत काचेकडे वाकली. आडवी झाली. बारीक शीळ ऐकू आली, लांबच लांब, जशी माझ्या सनईच्या पत्तीतून सूर लागायच्या आधी येते, पण उलटी, आत जाणारी. मावशींच्या कपाळावरची बट काचेकडे सरकली. त्यांचे ओठ ओढले गेले आणि डोळे मोठे झाले. नाना मागे सरकून भिंतीला टेकले. मग शीळ थांबली, ज्योत सरळ झाली.

मला वाटलं, त्या आता किंचाळतील. मी काच घ्यायला हात पुढं केला, पण त्यांनी सोडली नाही. "त्यानंच घेतला," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "माझ्यातलाच घेतला."

"मावशी, त्यो मला म्हणला होता..." मी सांगू लागलो.

"घिऊ दे," त्यांनी मला थांबवलं. काच छातीशी धरून त्या हलके हलके झुलत होत्या. "तान्हा असताना बी आस्साच ओढायचा."

संध्याकाळी त्यांनी काच माझ्याकडे दिली आणि तोंड बंद करून मागितलं. मी लहान बर्नर पेटवला. तू शिकवलं होतंस तसं शेपटीचं टोक लांबूनच ऊब देत देत लाल केलं आणि ओढून मिटवलं. माझ्या हातून शेपटी थोडी वाकडी झाली आहे. तू बघितली असतीस तर बोलला असतास. भांडण तू जिंकलास, बीडचं जेवण माझ्याकडं लागू. ते कुणाला घालायचं, तेवढं सांगून जायला हवं होतंस.

काल त्यांनी काच घरात ठेवली नाही. स्वतः शेडमध्ये येऊन फळीवर ठेवली, माझ्या बापाच्या दिवसाच्या त्या हिरव्या काचेला लागून. आज मी कुलूप काढायला आलो तर त्या आधीच दाराशी येऊन बसल्या होत्या, शाल लपेटून. आत आल्यावर त्या तुझ्या बाकड्यावर बसल्या. त्या जागेवर तुझ्याशिवाय कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. फळीवर अजून कशातच काही नव्हतं, सगळ्या माझ्या काचा कोरड्या होत्या. मग तुझ्या सीताफळाएवढ्या काचेत बुडापासून दहिवर चढायला लागलं. त्या चऱ्यापर्यंत आलं, चरा झाकला, शेपटीच्या मुळाशी पोचलं. मी काहीतरी बोलणार होतो, थंडीबद्दलच. पण मावशींनी हातानं मला गप्प बसायला सांगितलं.

"उठला," त्या म्हणाल्या.